बारा खटक्यांची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यावर बारा खटके आहेत. आता त्यांतला एकही कशाला जोडलेला नाही.

मित्रांनो, १९७९ साली सातपूरच्या एका कारखान्यात निवृत्तीरावांनी मला घडवले. तिथली भट्टी संगणकावर चाले. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम हाकणारा मूळ प्रोग्रॅम, निवृत्तीराव सांभाळत. तिच्यात बिघाड निस्तरण्याच्या चाळीस जागा होत्या आणि चाळीस तऱ्हा. तापमानाचा आकडा आणणारी तार तुटली की एक जागा घंटा वाजवी, दुसरी मागचाच आकडा धरून बसे. निवृत्तीरावांनी सगळ्यांची मिळून एकच वाट केली. काहीही बिघडो, गॅस बंद आणि घंटा सुरू.

माझे काम खोटा बिघाड करण्याचे. खटका ओढला की संगणकाला वाटे, तार तुटली. दर शनिवारी सकाळी बाराही खटके ओढले जात, मगच निवृत्तीराव तपासणीच्या वहीत सही करत.

भट्टीवर वाळू नावाचा कामगार होता, निफाडचा. तो हसे.

"साहेब, चांगलं चाललंय ते बिघडवायचा पगार घेता व्हय?"

"तुझ्यासाठीच बिघडवतो रे."

"मंग लय बिघडवा!"

पाच वर्षांनी मोठ्या साहेबांना तपासणीत जाणारा अर्धा तास खुपू लागला. "चालत्या गाडीला खीळ कशाला घालता? एकदा तरी नापास झाली का ती सिस्टीम?" मी कपाटात गेले. वहीतली सही मात्र दर शनिवारी होत राहिली.

पुढे भट्टीला नवा तापमापक बसला. घाईत निवृत्तीरावांनी त्याच्यापुरती वेगळी वाट लिहिली: आकडा आला नाही तर मागचा धरावा. नंतर नीट करू, असे ते म्हणाले. मला जोडले असते तर ती चूक अर्ध्या मिनिटात उघडी पडली असती.

एका मंगळवारी तार खरोखर तुटली. आकडा सहाशे अंशांवर थांबला, हव्या त्या तापमानाच्या खालीच, म्हणून संगणक गॅस वाढवत राहिला. घंटा वाजली नाही. वाळूने सहाशेचा आकडा पाहून, धोका नाही असे समजून भट्टीचे दार उघडले आणि आग त्याच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशीत वही मागवली. सगळ्या सह्या जागच्या जागी होत्या. निवृत्तीराव म्हणाले, "सह्या माझ्या आहेत. तपासणी झालेली नाही."

ते निफाडला वाळूच्या बायकोकडे, सिंधुबाईंकडे गेले. वाळू घरी माझ्याबद्दल सांगत असे. सिंधुबाईंनी एवढेच विचारले, "तवा ती पेटी कुठं व्हती?"

निवृत्तीरावांची नोकरी सुटली. त्यांनी मला गंगापूर रोडच्या घरी आणले. दर शनिवारी आठ वाजता ते माझे बाराही खटके ओढत. काही वाजत नसे. मग ते चहा घेत.

गेले दोन शनिवार मला कुणी हात लावलेला नाही. काल त्यांच्या फोटोला हार घातल्यावर मुलीने माझ्यावरची धूळ पुसली. खटके होते तसेच ठेवले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पण कुठे 'तपासले' म्हणून सही कराल, तर आधी खटका ओढून पाहा.