दोघांनाही हो

आई-बाबा एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते, सगळं माझ्यामार्फत चालायचं. बाबा समोर उभे असतानाही आई मला म्हणायची, "तुझ्या बाबांना सांग, गीझर बंद करा." मी बाबांना सांगायचो, "आई विचारतेय, अंघोळ छान झाली का?" बाबा गोंधळून तिच्याकडे बघायचे, ती माझ्यावर डोळे वटारायची. घरात तेवढीच काय ती करमणूक.

घटस्फोटाचं ठरलं तेव्हा दोघं एकाच वकिलाकडे गेले, मलाही नेलं. वकीलकाका पेपरमिंट चघळत म्हणाले, "दोघांची संमती असली की काम सोपं. मधे काही महिने थांबायचं, मग कोर्टात पुन्हा हो म्हणायचं, झालात मोकळे. पण पोराच्या ताब्यावरून जुंपली, तर तारखा संपता संपायच्या नाहीत. हा मोठा आहे, जजमॅडम आत बोलावून विचारतील, कोणाकडे राहायचंय."

माझी ट्यूब तिथेच पेटली. केस लांबली की दोघं घरातच राहणार. मग जुंपवून द्यायची, एवढंच.

घरी आल्यावर आईला ओट्यापाशी गाठून म्हणालो, "मी तुझ्याकडेच राहणार." मग गॅलरीत जाऊन बाबांनाही तेच. दोन्हीकडे आवाज अगदी भरून आणला, आणि आत येताना आरशात बघून स्वतःलाच एक डोळा मारला.

पण भांडण झालंच नाही. उलट दोघं एकदम शांत झाले. रविवारी दिवसभर मित्राकडे उनाडून मी संध्याकाळी परत आलो, तर कपड्यांच्या घड्या घालत आई म्हणाली, "माकडा, आज किती शहाण्यासारखा बसलास रे माझ्याजवळ." मला वाटलं, टोमणा असेल.

तेवढ्यात गॅलरीतून बाबा म्हणाले, "उस्ताद, दुपारभर पत्ते खेळलास आणि एकदाही लबाडी नाही? बरा आहेस ना?"

"मी घरी नव्हतोच," मी म्हणालो. दोघं हसले. माझं बोलणं कोण खरं धरतो?

जेवायला गेलो तर माझं ताट नव्हतं. "आत्ताच तर जेवलास," आई म्हणाली.

तेव्हापासून ताट मी माझं मीच घ्यायचो, आणि घरात मला निरोप सांगायचंही बंद झालं.

शेवटच्या तारखेला मी ठरवलं, मस्करी बास, मॅडमना खरं सांगायचं, मला दोघंही हवेत. त्यांच्या खोलीचं दार ढकललं. मॅडम चष्मा पुसत होत्या.

"आता काय राहिलं? मघाशी सगळं सांगून गेलास ना."

"काय सांगितलं मी?"

"पुरे आता. दोघं समाधानी आहेत. जा तूही."

मी धावत जिन्याच्या खिडकीशी आलो. खाली आई स्कूटर सुरू करत होती, आणि माझाच निळा शर्ट घातलेला कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसला होता. फाटकापाशी बाबांची गाडी होती. पुढच्या सीटवरही तोच शर्ट.

"आई," मी हाक मारली.

आईने वळून पाहिलं नाही. मागे बसलेल्याने पाहिलं, आणि मला एक डोळा मारला.

स्कूटर एकीकडे गेली, गाडी दुसरीकडे. मी वर येऊन मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने शिपाई आला, बाकावर कोणी राहिलं नाही ना ते नीट बघितलं, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेला.