कागदावरची तीस मेंढरं

उज्ज्वलाच्या तीस मेंढरांपैकी सहा महिन्यांत एकही लंगडलं नाही, याचं धुळाजीला कौतुकही वाटे आणि थोडा हेवाही. त्याची स्वतःची चाळीस होती, खरी, आणि त्यातली निम्मी सदा खोकत.

लेकीची मेंढरं कागदावर होती. अर्थशास्त्राच्या जिल्हा स्पर्धेत प्रत्येक शाळेला दोन लाख कागदी रुपये मिळाले होते. ते सहा महिने गुंतवून अहवाल मांडायचा. बाकीच्या पोरांनी शेअर घेतले, सोनं घेतलं. दिंद्रुडच्या उज्ज्वलाने मेंढरं घेतली. पहिल्या नंबराला बीडच्या वसतिगृहात दोन वर्षं फुकट राहून शिकायला मिळणार होतं. नाहीतर दहावीनंतर कळपामागे. धुळाजीला हे पाठ झालं होतं, म्हणून तो त्या मेंढरांना जपे. आपली पाणी पिऊन झाली तरी डोणीवर उभा राही.

"कावून थांबलाव?" बायको ताराबाई विचारी.

"तिची पिऊ दे की."

ताराबाई कपाळाला हात लावी. पुढे पुढे तीही थांबू लागली.

स्पर्धेत प्रत्येक व्यवहाराला सही लागे. मेंढरं रात्रभर रानात बसवली की लेंड्यांचं खत पडतं, आणि रानाचा मालक मेंढरामागे ओंजळभर ज्वारी देतो. उज्ज्वलाने तेच लिहून पावती विठ्ठलरावांपुढे धरली. विठ्ठलराव गावातले मोठे जमीनदार. स्पर्धेचा चषकही त्यांनीच दिलेला. त्यांनी चष्मा लावला.

"वढ्याकडच्या तुकड्यात बसली असं लिही. तिकडं खत कमी पडलंय."

"लिहिते. आन् ज्वारी मिळाली लिहू, मालक?"

"दिली न्हाई तर मिळाली कशी? बाकी हाय म्हणून लिही. खोट्यावर आपण सही करत न्हाई." आणि त्यांनी पावतीवर सही केली.

शेवटची फेरी केजला होती. परीक्षक सत्यशीलाबाई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी अहवाल पुढून वाचला, मागून वाचला.

"सहा महिन्यांत एकही मेंढी मेली नाही?"

"न्हाई, मॅडम."

"असं कसं होईल? धंदा म्हटला की जोखीम आली. निदान तीन मेलेली दाखव, नाहीतर मला गुण देता येणार नाहीत."

उज्ज्वलाने पेन उचललं आणि मागे पाहिलं. मागच्या रांगेत धुळाजी बसला होता. मेंढरू मेलं म्हणून लिहायचं नाही, लिहिलं की ते खरं होऊन बसतं, असं त्यानेच तिला बजावलं होतं. आता तिचं वसतिगृह त्या तीन मेंढरांवर अडलं होतं. तो उठला. पटका काढावा की ठेवावा हे न कळून त्याने तो हातात धरला.

"बाई, पोरीचा पहिलाच कळप हाय. त्यात मरण नका घालू. माझ्यात चाळीस हायत. त्यातली तीन मेली म्हणून लिहा."

कुणीतरी हसलं. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नियमांची पुस्तिका चाळली आणि चष्मा काढला.

"नुकसान हिचं, सोसणार दुसरा," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे विमा. एवढ्या शाळा आल्या, पण विमा एकीनेही उतरवलेला नाही."

धुळाजीने सही केली: माझी तीन मेंढरं मेली. उज्ज्वला पहिली आली. प्रमुख पाहुणे विठ्ठलराव होते. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनी वाजवल्या.

परत आल्यावर खरा कळप वढ्याकडच्या तुकड्यात बसला. सकाळी विठ्ठलराव ज्वारीचं पोतं घेऊन आले, सदतीस ओंजळी मोजल्या आणि पोत्याचं तोंड बांधू लागले.

"मालक, चाळीस हायत," धुळाजी म्हणाला.

"सदतीस. तीन मेली. माझ्यासमोर सही केलीस की."

"ही काय, उभी हायत."

"मग कोणती तीन मेली, तेवढं दाखव. पुढचं बघू."

धुळाजी कळपाकडे वळला. खोकणाऱ्या म्हातारीकडे त्याने पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या शेजारची त्याचं धोतर चावत होती. बोट उचलणं त्याच्याच्याने होईना.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "सदतीसच द्या."

उज्ज्वला पुढे झाली. तिने पिशवीतून कागद काढला.

"कागदावर जायचं तर सगळ्याच कागदावर जाऊ, मालक. ही तुमची सही. तीस मेंढरं, एक रात, ज्वारी बाकी. सदतीस आन् तीस, सदुसष्ट."

विठ्ठलरावांनी स्वतःची सही दोनदा वाचली.

"त्यातलं मेलं न्हाई का एखादं?"

"एक बी न्हाई. विमा होता."

विठ्ठलरावांनी कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. मग, खोट्यावर सही न करणाऱ्या माणसाला दुसरं काय करता येणार, त्यांनी पोत्याची गाठ सोडली आणि उरलेल्या तीस ओंजळी मोजून दिल्या.

कळप रस्त्याला लागला. धुळाजीने मोजला: चाळीस. पुन्हा मोजला. मग बांधावर थांबून त्याने रिकाम्या तुकड्याकडे पाहिलं.

"तुझी कुठं हायत गं?"

"माझी पुढं गेली, दादा."

"बरं," धुळाजी म्हणाला, आणि चालू लागला.