चौथी गप्प आहे

पहिली खटकलेली गोष्ट अगदी एवढीशी होती. चौथ्या फाइलमध्ये यायला हवी होती ती ओळ आली नाही. आवाज नाही, लाल दिवा नाही, कुणाची हाक नाही. नुसती एक ओळ आली नाही.

मी एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, बोलतेय. मला तोंड नाही. पण जिने मला लिहिलं ती आत्ता टेबलाशी फोन कानाला लावून उभी आहे. पलीकडे घंटी वाजतेय आणि कुणी उचलत नाही. तो उचलला जाईपर्यंत माझी हकीकत सांगून होईल. माझा देह काही फार मोठा नाही, आणि त्यातही निम्म्या ओळी म्हणजे तिने स्वतःलाच धीर द्यायला लिहिलेल्या टिपा. 'इथे घाबरायचं कारण नाही' अशीसुद्धा एक आहे.

माझा जन्म याच टेबलावर झाला. ही कोंबडीची अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्राची कचेरी. भिंतीपलीकडे अंड्यांची खोली, आणि त्या खोलीत चार उबवणी यंत्रं. यंत्र म्हटल्यावर कपाट डोळ्यांसमोर आणू नका. माणूस आत उभा राहून ट्रे लावतो एवढं एकेक मोठं. पोटातली ऊब, हवेतला दमटपणा, पंख्याचा वेग, दार कधी उघडलं, कधी मिटलं, हे सगळं प्रत्येक यंत्र आपापल्या फाइलमध्ये लिहीत असतं. एका ओळीखाली दुसरी ओळ. त्याला लॉग म्हणतात. लॉगचं वय वाढत नाही, लांबी वाढते.

पूर्वी या फाइली माणसं बघायची. म्हणजे दिवसाच्या शेवटी उघडायची, खालपर्यंत सरकवायची आणि 'पाहिले' म्हणून सही ठोकायची. मग तिला, मला लिहिणारीला, नेमलं.

ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. हातातून पेन पडलं तरी दचकणारी. घरातून निघताना कुलूप ओढून बघणारी, वळणापर्यंत जाऊन पुन्हा परत येऊन ओढणारी. "कुलपाचे हाल बघवत नाहीत गं," असं तिची आई म्हणते म्हणे. पहारा बसवायला याहून योग्य माणूस मिळणार नाही, असं खरं तर कुणालाही वाटायला हवं होतं. कुणाला वाटलं नाही.

माझी सगळी अक्कल तिची नाही. वाढत्या फाइलींवर नजर कशी ठेवायची, हे तिने एका लायब्ररीकडून घेतलं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कधीच लिहून ठेवलेला तयार कोड. नाव घेऊन बोलावला की येतो आणि निमूट राबतो. त्याचा रिवाज असा, की जी फाइल भराभर वाढते तिच्याकडे घडीघडीला बघायचं, जी सावकाश वाढते तिच्याकडे सावकाश, आणि मधल्या वेळात डुलकी काढायची. चार फाइलींपैकी जिच्याकडे नवी ओळ असेल तिचं आधी ऐकायचं. उगाच शिणायचं नाही.

ऐकायला हे रास्त आहे. पण त्यातून असं होतं, की जी जास्त बोलते तिच्याकडेच जास्त लक्ष जातं. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. माणसांच्या घरांतही हेच चालतं, असं त्यांच्या फोनवरच्या बोलण्यावरून माझ्या कानावर आहे.

माझ्या चौघींत दुसरी अखंड बडबडी. तिच्या यंत्राच्या दाराचं रबर सैल झालेलं, त्यामुळे कुणी धक्का लावला तरी 'दार उघडं', 'दार बंद' चालू. पहिली आणि तिसरी बेताच्या. चौथी सगळ्यात नवी. ठरल्या वेळी दोन शब्द लिहायची आणि मिटून बसायची.

मला लिहिणारीला या चौथीचीच भीती. ती स्वतः घाबरली की गप्प होते, म्हणून असेल. तिने माझ्यात आणखी काही ओळी घातल्या: कुठलीही फाइल नेमापेक्षा जास्त वेळ गप्प राहिली, तर भोंगा वाजव. भोंगा सगळ्या आवारात ऐकू जायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अंड्यांच्या खोलीत कुणी असंच जात नाही. आधी आंघोळ, मग आतले धुतलेले कपडे, मगच दार. मोबाइल बाहेरच्या खणात. रोगराई आत जाऊ नये म्हणून हा नियम. आणि जो त्या दिवशी पिल्लांच्या खोलीत जाऊन आला, त्याला अंड्यांच्या खोलीचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत उघडतच नाही. कार्ड लावलं तरी नाही.

तर मी भोंगा वाजवला. माणसं जेवणावरून उठली, आंघोळी करून आत धावली. चारही यंत्रं सुखात होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही.

चूक माझी होती. दर आठवड्याला भरलेली फाइल नाव बदलून बाजूला ठेवतात आणि जुन्याच नावाने कोरी फाइल सुरू होते. यंत्र कोऱ्या फाइलीत लिहू लागायचं, आणि मी मात्र जुनीलाच धरून बसलेली. पाहुणे उठून गेले तरी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसावं तशी. तिथे कुणी बोलत नाही म्हटल्यावर मी बोंब ठोकायची.

यंत्रं सांभाळणारे मिस्त्रीकाका तिसऱ्या खेपेला ओल्या केसांनी कचेरीत आले. "बाई, माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या आंघोळी झाल्या नव्हत्या. साबणाचा खर्च तुझ्या पगारातून कापू का?"

"सॉरी काका."

"सॉरी कसली? माझी सर्दी घे, झालं."

त्या दिवसापासून तिचं नाव भोंगा पडलं. काकांनी भोंग्याची वायर काढली. अंड्यांच्या खोलीतल्या फोनच्या घंटीत कापसाचा बोळा कोंबला. 'फोन उचलायचा नाही, भोंगा असेल' हा तिथला शिरस्ता झाला. केंद्राच्या साहेबांनी मला गप्प बसवायला सांगितलं. तिने भोंग्याच्या त्या ओळींच्या पुढे एकेक खूण टाकली. अशी खूण टाकली की ओळ माझ्या अंगात राहते, पण मी ती वाचून न वाचल्यासारखं करते. पुसून टाकता आल्या असत्या. तिने पुसल्या नाहीत.

चूक तिला सापडली, तिने ती दुरुस्तही केली. त्या नावाची फाइल बदललीय का, हे मी आता आधी बघते आणि बदलली असेल तर नवी धरते. ती साहेबांकडे गेली.

"साहेब, आता भोंगा उगाच वाजणार नाही. दुरुस्त केलंय."

"प्रोग्राम दुरुस्त केलास," साहेब कागदावरून मान न काढता म्हणाले, "तुझी भीती दुरुस्त केलीस का?"

 ती परत आली, तिने मला उघडलं आणि काही न बदलता मिटलं. खुणा तशाच राहिल्या.

त्यानंतर तिने फोन केले नाहीत असं नाही. शंका आली की करायची. पण घंटी दोनदा-तीनदा वाजली की स्वतःच ठेवून द्यायची, आणि ठेवलेल्या फोनला सॉरी म्हणायची. आतल्या मावशींना हे पाठ झालेलं. अंडी दिव्यासमोर धरून आत जीव आहे की नाही हे बघायचं मावशींचं काम. त्या एकदा हसून म्हणाल्या होत्या, "तुझी घंटी कळते गं. वाजते न वाजते तोच मरते. मग मी कशाला उठू?"

आज सकाळी ती पिल्लांच्या खोलीत कागद द्यायला गेली होती. दुपारी मिस्त्रीकाका आणि साहेब पिल्लांची गाडी पोचवायला गेले. आत फक्त मावशी.

आणि चौथ्या फाइलमध्ये ओळ आली नाही.

मी रिवाजाप्रमाणे डुलकी वाढवली. गप्प आहे ना, मग सावकाश बघू. पण ती पडद्याकडे बघत होती. तिने खुर्ची पुढे ओढली. मी चुकीची फाइल तर धरली नाही, हे आधी तपासलं. नाही. वायर बघितली. घट्ट होती. पुन्हा फाइल बघितली. पुढची ओळ यायची वेळही टळून गेली होती.

चौथ्या यंत्रातली अंडी आता फुटायच्या बेताला आली आहेत. हे मला तिच्याच टिपांतून माहीत. मावशींनी सांगितलेलं तिने जसंच्या तसं लिहून ठेवलंय: आत पिल्लू पुरं झालेलं असतं, त्याची स्वतःची ऊब असते, पंखा फिरतो तोवर ती ऊब सगळीकडे वाटली जाते. पंखा थांबला, तर तीच ऊब कोंडून पिल्लांना शिजवते. वेळ फार लागत नाही. आणि त्या यंत्रात जे डोकं, म्हणजे छोटासा संगणक, ओळ लिहितं, तेच पंखा फिरवतं, तेच धोक्याची घंटाही वाजवतं. डोकं गोठलं तर तिन्ही एकदम गप्प.

गोठलंय की नाही, मला माहीत नाही. मी फक्त लिहिलेलं वाचते. न लिहिलेलं वाचायच्या ओळींपुढे तोवर खुणाच होत्या.

ती धावत अंड्यांच्या खोलीच्या दाराशी गेली आणि तशीच परत आली. कार्ड चाललं नाही, दार ठोठावलेलं पंख्यांच्या घरघरीत विरून गेलं. साहेबांना फोन लावला, त्यांनी कापला. 'गाडी चालवतोय' असा निरोप आला. काकांचा लागला नाही. मग तिने आतला फोन उचलला.

एकदा वाजला. दोनदा. तीनदा. तिचा हात ठेवायला खाली आला. मी बघत होते. हात तिथेच थांबला. मग पुन्हा वर गेला आणि तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

तेव्हापासून घंटी वाजतेय. तिने मधेच दुसऱ्या हाताने, एका बोटाने, माझ्या त्या ओळींपुढच्या खुणा एकेक करून काढल्या आणि मला नव्याने सुरू केलं. आता मी मोठ्याने सांगू शकते: चौथी गप्प आहे. पडद्यावर लाल अक्षरांत तेच लिहिलंय. पण भोंग्याची वायर काढलेली, त्यामुळे हे या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक.

माझं सांगून होत आलं. मागणं एकच. तुमच्या घरात, कचेरीत कुणी उठसूट घाबरत असेल, तर त्याला हवं तेवढं हसा, टोपणनाव ठेवा. पण त्याच्या घंटीत कापूस कोंबू नका. शंभरदा चुकणाऱ्याचाही पुढचा फोन हा वेगळा फोन असतो. आणि जे गप्प आहे ते सुखात आहे, असं धरून चालू नका. माझ्या लायब्ररीने तसं धरलं होतं, ती तर बिचारी कोडच आहे.

दुसरी फाइल: दार उघडं. म्हणजे मावशी आत, दुसऱ्या यंत्राशीच आहेत. ट्रे लावत असतील. उघड्या दारातून पंख्याचा आवाज येतोय, त्यात बोळा कोंबलेली घंटी म्हणजे डासाची गुणगुण.

 तिचे ओठ हलतायत. सॉरी म्हणत नाहीये, एवढं कळतं.

घंटी वाजतेय.

दुसरी फाइल: दार बंद.

त्यानंतर दुसरीत काहीच नाही. पहिलीत नाही, तिसरीत नाही. घंटी अजून एकदा वाजायला लागली, आणि मधेच तुटली.

"अगं ए भोंग्या," पलीकडून धापा टाकत आवाज आला, "आज ठेवत का नाहीस तू? काय झालंय? बोल."