चार मिनिटांचे रीळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे; घरच्या घरी फिल्म दाखवणारा, शिलाई मशीनच्या पेटीएवढा. सिनेमागृहातल्या माझ्या थोरल्या भावंडांपुढे हजार माणसे बसत. माझ्यापुढे कधी पाच, कधी सात, आणि त्यांतले एक हमखास पेंगत असे.

माझे काम समजायला सोपे आहे. माझी फिल्म म्हणजे करंगळीच्या नखाएवढी रुंद, लांबच लांब पट्टी. तिच्यावर ओळीने चिमुकली चित्रे असतात आणि कडेला भोके. माझा बारीक आकडा भोकात अडकतो, पट्टी एक चित्र खाली ओढतो, क्षणभर थांबतो, पुन्हा ओढतो. मागे दिवा, पुढे भिंग. सेकंदाला सोळा वेळा हे घडले की भिंतीवरचा माणूस चालू लागतो.

मला नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थाने विकत घेतले. दिवसभर तो कचेरीत रेघा ओढी आणि घरी आला की कॅमेरा घेऊन बायकोच्या मागे मागे फिरे. त्याला दोन मुली. थोरली सात वर्षांची असताना धाकटी झाली. धाकटी दहा महिन्यांची झाली आणि त्यांची आई तापाने गेली. चार दिवसांचे दुखणे.

त्यानंतर त्याने मला एकदाही सुरू केले नाही. माझी वायर नीट गुंडाळली, झाकणाच्या दोन्ही खिट्ट्या लावल्या आणि रिळांच्या डब्यासह मला माळ्यावर, गाद्यांच्या मागे ठेवून दिले. मला वाटले, महिनाभराने काढेल. चव्वेचाळीस वर्षे गेली.

न वापरलेले यंत्र जसेच्या तसे राहते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. माझ्या चाकांमधले ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट झाले. मोटर आणि चाक जोडणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला. दिव्याची काच काळवंडली. बाहेरून मात्र मी नव्यासारखा चकचकीत होतो, आणि तेच नडले.

तो गृहस्थ वारला. घर आवरायला मुली आल्या तेव्हा मी खाली उतरलो. डब्यात सहा रिळे होती. एकावर त्याच्या टोकदार अक्षरात लिहिले होते, ‘ती. गच्चीवर.’

धाकटी फरशीवरच बसली. तिच्याकडे आईचे तीनच फोटो होते आणि तिन्हींत आई खुर्चीवर बसलेली. आई चालायची कशी, हे तिला ठाऊक नव्हते.

“ताई, हे चालेल?”

“बाबांनी परत कधी लावलंच नाही गं. काय माहीत.”

थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचे भावोजी, उत्साही माणूस. “त्यात काय, लावून तर बघू!” म्हणत त्यांनी माझे बटण दाबले. नशीब एवढेच, की त्यांच्या हाती सहलीचे रीळ लागले होते. मोटर गुणगुणली, दिवा पेटला, पण फिल्म जागची हलेना. तापलेल्या दिव्यासमोर ती एकाच जागी अडकली. भिंतीवर नदी होती. नदीच्या मधोमध तपकिरी फोड आला, पसरला आणि फुटला.

“बंद करा! वायर काढा आधी!” थोरली ओरडली.

खोलीत जळका वास भरला. भावोजींचा चेहरा पडला. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. चार पिढ्यांचे कुलूपसुद्धा माणूस आधी हिसकूनच बघतो. पण ते गच्चीचे रीळ असते तर?

दुसऱ्या दिवशी धाकटी मला घेऊन गल्लीच्या टोकाला गेली. तिथे शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक काका होते. सगळे त्यांना थेंबकाका म्हणत, कारण तेल घालायला आलेल्या प्रत्येकाला ते बजावत, “एकच थेंब! मशीनला अंघोळ घालायची नाही.”

“असलं कधी उघडलं नाही मी,” ते म्हणाले. “पण चाक ते चाकच. ठेवून जा.”

त्यांनी मला विजेला जोडलेच नाही. आधी माझे चाक हाताने फिरवून पाहिले. फिरेना. मग पाठ उघडली, पट्ट्याचे डांबर काडीने खरवडले, सुकलेले ग्रीस स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने चार दिवस धुतले. चाक मोकळे झाल्यावर नवा पट्टा घातला. तो इतका आवळ होता की मोटर कण्हू लागली. त्यांनी तो काढला आणि दुसरा, किंचित सैल बसवला. दिवा शोधायला अकरा दिवस गेले. त्या दिवसांत धाकटी चार वेळा येऊन गेली.

शेवटी त्यांनी मला फिल्मशिवाय तासभर नुसते चालवले. मग कुठलासा टाकाऊ तुकडा लावला. चित्र उडत होते. “घशात काहीतरी अडकलंय याच्या,” म्हणत त्यांनी फिल्म जाते ती फट उघडली. जुन्या फिल्मचा भुगा तिथे साचला होता. तो त्यांनी लाकडी काडीने काढला. “इथे लोखंड लावलं तर ओरखडा कायमचा,” ते स्वतःशीच पुटपुटले.

रविवारी दुपारी ते मला स्वतः घेऊन घरी आले. पडदे ओढले. गच्चीचे रीळ हाती घेताच त्यांनी नाक मुरडले.

“आंबट वास येतोय. फिल्म कुजायला लागली की येतो म्हणतात. आखडलीय, ठिसूळ झालीय.”

“मग नकोच लावायला,” थोरली म्हणाली. “अशा फिल्मची नक्कल काढून देणारे असतात, त्यांच्याकडे देऊ.”

“देऊ ना ताई, उद्याच देऊ. पण तुझ्याकडे आईची सात वर्षं आहेत. माझ्याकडे काहीच नाही गं.”

थोरलीने काकांकडे पाहिले.

“एकदा चालवतो,” काका म्हणाले. “हात बटणावरून काढणार नाही.”

मी सुरू झालो. भिंतीवर गच्ची आली, दोरीवरचे कपडे आले आणि बादली घेऊन ती आली. मिनिटभर सगळे ठीक होते. मग आखडलेल्या एका भोकावरून माझा आकडा घसरला. वर फिल्मचा थोडा झोळ सोडलेला असतो, तो ताणला गेला आणि चित्र थडथडू लागले. भिंतीवरची बाई डोक्यापासून पायापर्यंत कापत होती.

“ती थरथरतेय का अशी?” धाकटीने विचारले. “तेव्हापासूनच आजारी होती?”

“आई नाही थरथरत, बाळ. मशीन थरथरतंय,” काका म्हणाले.

त्या क्षणी मला माझीच शरम वाटली. पण काकांनी दिवा विझवला होता. त्यांनी बोटाने झोळ पुन्हा पाडला, चाक हाताने दोन घरे फिरवले, आकडा भोकात बसल्याची खात्री केली आणि दिवा लावला.

ती चालू लागली. उजवा खांदा थोडा पुढे काढून, मोठी मोठी पावले टाकत. बादली ठेवली, कपडा झटकला, कॅमेऱ्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले. माझ्यात आवाज नाही.

“काय म्हणतेय?” धाकटीने विचारले.

थोरली रडता रडता हसू लागली. “मी तिथेच उभी होते. म्हणतेय, ‘अहो, ते धरून काय बसलात, चिमटे द्या इकडे!’”

धाकटीही हसली. आईचे तिला माहीत असलेले ते पहिले वाक्य होते. ती उठली आणि खोलीतल्या खोलीत खांदा पुढे काढून चार पावले चालली. “अशी?” तिने विचारले. “अशीच,” थोरली म्हणाली. काका भिंगाकडे बघत राहिले.

चार मिनिटे झाली, रीळ संपले. दुसऱ्या दिवशी ते नक्कल करायला गेले. मी आता धाकटीच्या फळीवर असतो आणि महिन्यातून एकदा ती माझे चाक हाताने फिरवते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे मुके यंत्र पडलेले असेल. ते घाईने विजेला जोडू नका. आधी उघडा, पुसा, चाक फिरवून बघा. पट्टा बदलता येतो, दिवा शोधून मिळतो. आणि चित्रातली माणसे काय म्हणत होती, हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा. त्यांची दुरुस्ती करणारा काका कुठल्याच गल्लीच्या टोकाला नसतो.