डाव्या कुशीवर

“डाव्या कुशीवर वळ. आता श्वास सोड आणि तसाच धरून ठेव.”

चांगुणा वळली. उंच टेबलावर निजायची तिला सवय नव्हती. पडू नये म्हणून तिने काठ घट्ट धरला. नागपूरचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा बुलढाण्याला येत आणि फक्त काळजाचे रोगी बघत. त्यांनी नळीचं थंड टोक तिच्या छातीखाली टेकवलं, डोळे मिटले. मग शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हाती नळी दिली.

“आलं ऐकू?”

“हो सर. अगदी स्पष्ट.” बाईंचा चेहरा उजळला.

दोघं समाधानी दिसली तशी चांगुणालाही हायसं वाटलं. इतकं स्पष्ट ऐकू येतंय, म्हणजे काळीज धडधाकट असणार.

“लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का गं?”

“गुडघे सुजत. माय निरगुडीचा पाला बांधे.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. गुडघ्यांशी यांना काय करायचं, हे तिला उमगेना. ती आली होती दम लागतो म्हणून. नदीवरून भरली घागर आणताना चढावर दोनदा बसावं लागे. मागच्या आठवड्यात थुंकीत रक्ताची रेघ दिसली, तेव्हा सासूने, जनकाबाईने, सुलतानपूरहून तिला इथवर आणलं. नवरा सहदेव सडकेच्या कामावर अडकला होता.

जनकाबाई दाराशी उभी होती. डॉक्टर तिच्याशीच बोलू लागले.

“हिच्या हृदयाची एक झडप आकसली आहे. दार अर्धंच उघडावं, तसं. मुंबईला ऑपरेशन होतं, मी चिठ्ठी देतो. पण गुण येईलच असं सांगता येत नाही. मुलं किती हिला?”

“एकबी नाही. नागपूरच्या दीक्षेच्या दुसऱ्या वर्सी लगन झालं. दोन डाव दिवस गेले, पन राह्यलं नाही.”

“बरंच झालं म्हणायचं. यापुढे दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बाळंतपणात ही वाचणार नाही.”

चांगुणा लुगडं सावरता सावरता थांबली. त्या दोन्ही खेपांना ती कितीतरी दिवस जेवली नव्हती. त्यात बरं काय झालं होतं?

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “आत्याबाई, झडप म्हंजे काय?”

“मले काय ठावं, माय.”

“मंग मी बिमार हाय का बरी हाय?”

जनकाबाईने इंग्रजीतली चिठ्ठी चारदा घडी करून पिशवीत सरकवली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. आज ती रोजच्यापेक्षा हळू चालत होती. चांगुणाला वाटलं, म्हातारीचे पाय दुखत असावेत.

चिखलीला गाडी बदलायची होती. स्टँडवर जनकाबाईचा धाकटा भाऊ भेटला. पुंजाजी चिखलीच्या धान्यबाजारात हमाली करी. त्याची लेक बेबी लग्नाची होती. सहदेवला दुसरी बायको करून द्या, बेबी घरचीच आहे, असं तो गेली दोन वर्षं प्रत्येक भेटीत म्हणत आला होता. चांगुणासमोरही म्हणे.

“काय म्हने मोठा डाक्तर?” त्याने विचारलं. “होते का हिले लेकरू?”

जनकाबाई जराशी खाकरली.

“हिच्यात काही दोष नाही. दोष सहदेवात हाय.”

“सहदेवात?” पुंजाजीने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. “त्याले पाह्यलं का डाक्तरानं?”

“मागच्या खेपेले सारं तपासलं. दहा बायका करून देल्या तरी लेकरू होनार नाही म्हने.”

पुंजाजीने खांद्यावरचा पंचा झटकला. मग म्हणाला, “मंग मी बेबीचं दुसरीकडं पाहतो, बाई.”

“पाह्य.”

तो गर्दीत दिसेनासा झाला. चांगुणा उभीच होती. मागची खेप कोणती? सहदेवने तर हा दवाखाना पाहिलेलाही नव्हता. डॉक्टर बोलले ते आपणच चुकीचं ऐकलं की काय?

“आत्याबाई, डाक्तर तं म्हने...”

“चूप राह्य.”

“पन खोटं काऊन सांगतलं? गावभर होईन. लोकं हासतीन त्याईले.”

“हासू दे. हासल्यानं मरत नाही कोनी.”

मेहकरची गाडी लागली. जनकाबाईने गर्दीत घुसून जागा धरली आणि चांगुणाला खिडकीशी बसवलं.

“अन् त्याईले काय सांगसान?”

गाडी सुटली. पदराचा बोळा तोंडाशी धरून जनकाबाई समोर पाहत राहिली. तिचे खांदे हलत होते. रस्ता खड्ड्यांचा होता, म्हणून हलत होते की कशाने, हे चांगुणाला कळेना.