लाइनच्या अलीकडे

"तू जरा मागं कर ते," तानी म्हणाली.

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमधले सगळे बोटींचे तांडेल, खलाशी वळून बघायला लागले. हातात चहाचा ट्रे, कप थंड होत चाललेले, आणि ही बाई पडद्यासमोर खांबासारखी उभी! पुण्याहून आलेल्या रश्मी मॅडम बोलता बोलता थांबल्या. मी दारातूनच डोळे वटारले. तानी माझं माणूस ना, म्हणजे लाज जाणार ती माझी.

"तानी, आधी चहा वाट," मी म्हटलं. पण ऐकेल ती तानी कसली! आणि पुण्याच्या मॅडमला 'तू' काय म्हणते, असंही माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. तिच्या बोलीत लहानमोठं नाहीच. उद्या आमदार आला तरी ती त्याला 'तू बस' म्हणणार.

मी सरला. माझे मिस्टर डहाणू स्टेशनला नोकरीला. मी सभा-मिटिंगांचा चहा-नाश्ता पुरवते. तानी माझ्याकडे कामाला आली तेव्हा तिची सुनिता बालवाडीत होती. आता ती बोर्डीला वसतिगृहात राहून नववी शिकते. तानी रोज सकाळी तलासरीच्या पुढच्या पाड्यावरून जीपला लोंबकळत येते. बोलायला कंजूष, पण हात असा चालतो की मी नुसती मालकीणबाई म्हणून मिरवते. मी कुणावर डाफरले की ही कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हसते. अशी ही आमची जोडी.

तिचा नवरा तुक्या खलाशी होता. आमच्याकडच्या पाड्यांवरचे कितीतरी पुरुष पावसाळा संपला की गुजरातकडच्या बोटींवर जातात. तुक्याही जायचा. एका दिवाळीच्या सुमारास समुद्रात वादळ झालं आणि त्याची बोट परत आली नाही. बोट नाही, फळकुट नाही, माणूस नाही.

पण तानीनं मंगळसूत्र काढलं नाही. त्याला कारण होतं. तिकडे समुद्रात दोन देशांच्या मधली लाइन आहे. ती दिसत नाही, पण ओलांडली की पलीकडचे पकडतात आणि कराचीच्या जेलमध्ये टाकतात. पाड्यावरचा दिपक असाच कित्येक वर्षांनी सुटून आला होता, हाडांचा सापळा होऊन. त्यानं तानीला सांगितलं, "तथं आणखी बराकी हायत. आमाला समदी माणसं नाय दिसायची." दुसऱ्या बोटीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं सांगितलं, "त्या रात्रीच्या हवामानाच्या बातमीत दक्षिणेचा वारा होता. तुक्याच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, हे मी वायरलेसवर माझ्या कानांनी ऐकलं. बोट वाऱ्यानं वर सरकली असणार. लाइनच्या पलीकडे."

संपलं. एवढ्यावर तानी जगत होती. वाघा सीमेवरून मच्छीमार सुटल्याची बातमी आली की ती कामाला दांडी मारून तलासरीच्या नाक्यावर जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्यानं कांदे चिरायला घ्यायची. मी काही विचारत नसे. विचारायचं तरी काय?

घरी मात्र सासूशी तिचं रोज वाजायचं. सासू, बुधी, म्हणायची, "माझा पोर मेला. त्याचं दिवस घाला. कामडी बोलवा." कामडी म्हणजे त्यांच्यातला, मेलेल्याची गाणी गाऊन त्याला घरी आणणारा आणि मग पूर्वजांत पोचवणारा माणूस. तानी म्हणायची, "जित्या माणसाचं दिवस घालशील तर पाप लागंल." आई मेला म्हणते आणि बायको जिवंत म्हणते, असं हे जगाच्या उलट भांडण मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते.

तर त्या दिवशीची सभा. बोटी समुद्रात जायच्या आधी, हवामानाच्या नव्या अंदाजाबद्दल सांगायला रश्मी मॅडम आल्या होत्या. पोरगीच होती तशी, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. म्हणाल्या, अख्ख्या पृथ्वीच्या हवेचं गणित संगणक एकदम करतो. पण गणित सुरू करायला आत्ता कुठे काय चाललंय ते माहीत पाहिजे, आणि भर समुद्रात वारा मोजायला कोण बसलंय? उपग्रह वरून बघतात, पण पूर्वी त्यांची पुष्कळ माहिती, विशेषतः ढगांखालची, वापरताच यायची नाही. ती तशीच पडून राहायची. आता ती दर काही तासांनी गणितात मिसळतात. गणित भरकटलं की खऱ्या वाऱ्यानं त्याचा कान धरून त्याला जागेवर आणायचं. मला ते पटलं. आपणही आमटी मधे मधे चाखूनच सुधारतो, शेवटी एकदम मीठ ओतत नाही.

"नवी पद्धत खरी उतरते का हे बघायला आम्ही जुनी वादळं परत चालवून बघतो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर दोन नकाशे लावले. डावीकडे तेव्हाचा अंदाज, उजवीकडे तेच वादळ नव्या पद्धतीनं. दिवाळीतलं ते वादळ. सगळे तांडेल पुढं सरकून बसले. त्या वादळात डहाणूचीही जाळी, होड्या गेल्या होत्या.

वारा म्हणजे बारीक बारीक बाण. वादळ भिंगरीसारखं फिरत वर सरकत होतं. डावीकडे ते एका बाजूनं गेलं, उजवीकडे दुसऱ्याच बाजूनं. मॅडम उत्साहात होत्या. "बघा, केवढा फरक! हे तेव्हा असतं तर दोन दिवस आधी सांगता आलं असतं."

तेवढ्यात तानीनं मागं करायला सांगितलं.

मॅडमनी हसून मागं केलं. तानीनं ट्रे पुढच्या तांडेलाच्या मांडीवर ठेवला. तोही बिचारा तो धरून बसला.

"ह्यो बाण कुठं जातो?"

"वारा जिकडे जातो तिकडे."

"वर कंच्या बाजूला?"

"वर उत्तर. तिकडे कच्छ, त्याच्या पुढे पाकिस्तान."

"लाइन कुठं हाय?"

मॅडमनी काठीनं दाखवली. तानीनं पडद्याला बोट लावलं. तिच्या हाताची सावली निम्म्या समुद्रावर पडली. "बोट हितं व्हती. कच्छच्या जखौ बंदराच्या समोर. तांडेलानं सांगितलेलं."

"कुठली बोट?" मॅडमनी विचारलं. सोसायटीचे सेक्रेटरी वासुदेव पुढे वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं काठी खाली घेतली.

"ताई, हे गणित आहे. थोडं इकडेतिकडे होऊ शकतं."

"मंजे हे खोटं हाय?"

देवाशपथ सांगते, मी दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, खोटं आहे म्हण. तुझं काय जातं? तुझ्या पगारातून काय कापून घेणार आहेत? एवढ्या मोठ्या आकाशात एका बाईपुरतं खोटं चाललं असतं.

मॅडमनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नाही. खोटं नाही. त्या रात्री तिथून गेलेल्या उपग्रहानं हा वारा मोजला होता. आम्हाला तेव्हा तो वापरता आला नाही. पण मोजलेला होता."

तानीनं मान हलवली. डाव्या नकाशात तिच्या बोटाजवळचे सगळे बाण वर लाइनकडे जात होते. उजव्या नकाशात सगळे खाली, उघड्या समुद्राकडे. हे बघायला शिक्षण कशाला लागतं?

"इंजान बंद पडलेली बोट अशा वाऱ्यात वर जाईल?"

"नाही, ताई."

"पलीकडं?"

"नाही."

"लाटा केवढ्या व्हत्या?"

"घराएवढ्या," मॅडम म्हणाल्या.

"आमच्या घराएवढ्या, का हितल्या?"

 मॅडमनी नुसतं वर, हॉलच्या छताकडे पाहिलं. तानीनंही पाहिलं. उंच छत आहे ते, पंखे लांब दांड्यांवर लटकवलेत.

"बंद कर आता," ती म्हणाली. मग तांडेलाच्या मांडीवरून ट्रे उचलला. "चाय थंड झाला. दुसरा आणते."

आणि आणला की! सगळ्या हॉलला चहा दिला, मॅडमच्या हातात कप दिला, रिकामे कप गोळा केले. मोरीपाशी बसून भांडी घासली. मी म्हटलं, "राहू दे गं, मी बघते." तिनं ऐकलं नाही. एवढ्या वेळात तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मीच मेली वड्यांच्या पिठात हात घालून मुळूमुळू रडत होते.

संध्याकाळी तिला एकटीला सोडवेना. मिस्टरांना फोन करून मी तिच्याबरोबर जीपमध्ये बसले. इतक्या वर्षांत मी तिच्या पाड्यावर पहिल्यांदाच जात होते. 

बुधी अंगणात डालग्याखाली कोंबड्या डालत होती. मला बघून तिनं खाट झटकली. तानी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, तुझं खरं व्हतं," ती म्हणाली. "तो तिकडं गेलाच नाय. दर्यातच गेला. मी बघून आले."

मला वाटलं, म्हातारी म्हणेल, मी सांगत नव्हते? इतकी वर्षं भांडून अखेर तिचंच खरं झालं होतं. पण तिचे हात गळून पडले. डालगं उलटलं आणि कोंबड्या अंगणभर झाल्या. ती तानीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे.

"मी मेला म्हणायची, तू नाय म्हणायची," ती छाती बडवत म्हणाली. "आता नाय कोण म्हणंल गं? तानी, आता नाय कोण म्हणंल?"

तेव्हा तानी रडली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी कोंबड्या पकडत बसले. दुसरं काय करणार होते?

भात पोटरीला आला तेव्हा त्यांनी दिवस घातले. सुनिता बोर्डीहून आली होती. एवढीशी झालेली, आजीला चिकटून बसली होती. बापाचा चेहरा तिला आठवत नाही, ती तरी कशी रडणार? तानीच्या दिरानं, चिमणनं, मांडव घातला होता. दुपारी कामडी आला, वाद्य मांडीवर घेऊन बसला आणि त्यानं विचारलं, "कुठं पडला?"

मेलेला माणूस जिथं पडला तिथून कामडी गाणं सुरू करतो आणि वाटेतली गावं घेत घेत त्याला घरी आणतो. रानात पडला तर रानाचं नाव, रस्त्यात पडला तर नाक्याचं. जागा माहीत नसेल तर आणणार कुठून? चिमणनं माझ्याकडे पाहिलं. मी आधीच रश्मी मॅडमना फोन करून विचारलं होतं. बिचारीनं परत गणित मांडून अक्षांश-रेखांश पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, साधारण या भागात, माफ करा. मी ते आकडे वाचून दाखवले.

कामडीनं शांतपणे ऐकून घेतले. "बाय, आकड्यातनं माणूस कसा उठवू?" तो म्हणाला. "आकड्याला कोन हाक मारतं?"

 दिवस थांबतात की काय असं वाटायला लागलं. मग बुधी म्हणाली, "तानीला इचार. तिनं बघितलंय."

तानी दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं डोळे मिटले आणि सांगायला लागली. जखौच्या समोर बोट होती. वारा आधी उगवतीकडून आला, मग वळला आणि वरून खाली लोटायला लागला. इंजिन बंद होतं. पाणी छपरापेक्षा उंच होत होतं. बोट खाली खाली गेली, जिथं कुणाचा किनारा नाही तिथं. "लाइनच्या अलीकडं," ती म्हणाली. "आपल्याच पाण्यात."

मॅडमनी एवढं सगळं दाखवलं नव्हतं. काही तिनं पाहिलं होतं, काही ती मधल्या दिवसांत रोज रात्री बघत आली असणार.

कामडीनं मान हलवली. तार छेडली आणि खालच्या आवाजात सुरुवात केली. जिथं किनारा नाही तिथल्या पाण्याला त्यानं हाक मारली, वाऱ्याला म्हणाला, लोटलास तसा आता परत आण. गाणं जखौला आलं, ओख्याला आलं, किनाऱ्या-किनाऱ्यानं गुजरात उतरत उंबरगावला आलं. झाईला तुक्याला जमिनीवर घेतलं. बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आल्या तेव्हा सुनितानं पहिल्यांदा मान वर केली. मग तलासरीचा नाका, मग ओढा, मग पाड्याची चढण. म्हातारी डोलत होती. उन्हं मांडवाखालून आत यायला लागली होती.

गाणं अंगणात आलं. कामडीनं तुक्याचं नाव घेऊन त्याला घरात बोलावलं.

तानी उंबऱ्यावरून उठली, पदर सावरला, आणि आत येणाऱ्याला वाट द्यायला बाजूला सरकली.