नशिराबादपर्यंत आणि परत

रुपचंदची बढतीवर धुळ्याहून जळगावला बदली झाली, तेव्हा बँकेत पेढे वाटले गेले. त्याच्या मुलाला, नंदूला मात्र कोणी विचारलं नव्हतं. नंदूला अजून दोन वर्षंही पुरी झाली नव्हती आणि बढतीचं त्याला काही कौतुक नव्हतं. धुळ्याला त्याच्यापाशी अंगण होतं, शेजारच्या शेळ्या होत्या आणि आजी होती. जळगावला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गजांची गॅलरी मिळाली. त्या गजांना धरून तो सकाळी रडायला लागायचा, ते जेवणाच्या वेळी तोंड घट्ट मिटण्यापुरता थांबायचा.

महिन्याभरात रुपचंदची आई, भागाबाई अक्का, धुळ्याहून आली. नातवाचे दंड चाचपून पाहिले आणि तिने निकाल दिला.

"इतला बारीक व्हई गया! संक्रांतपावत पाहास मी. नही ते मी त्याले धुयाले लई जास. दोन-तीन वरीस राही मनाजोडे, मंग शाळामा धाडू."

सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं. रुपचंद पेपराआडून म्हणाला, "मी नाही का सात वर्षांचा होईपर्यंत आजीकडे होतो? माझं काय बिघडलं?" आणि पुढच्याच क्षणी त्याने विचारलं, "माझे मोजे कुठे आहेत?"

सुलभा धुळ्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. वाद घालण्यापेक्षा कारण शोधावं, असा तिचा स्वभाव. तिने विचार केला, पोराला घरात करमत नाही. बाहेर रमेल अशी जागा सापडली, की जेवेल, झोपेल आणि अक्कांना न्यायला कारण उरणार नाही. नव्या गावात लहान मुलाला कुठे न्यावं, हे तिने समोरच्या कुंदाबाईंना विचारलं.

"अगंबाई, त्यात काय विचारायचं? सराफ बाजार!" कुंदाबाई म्हणाल्या. "गालिचा असतो, थंडगार हवा असते, पाणी विचारतात. मुलं कशी रमतात!"

कुंदाबाई स्वतः बरोबर आल्या. खास बाळासाठी. पाटल्यांचे सहा नमुने त्यांनी बाळासाठीच हातात घालून पाहिले. नंदूने काचेला जीभ लावली, ती दुकानदाराने फडक्याने पुसली. काच, जीभ नव्हे. मग नंदूने पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी दुकानदाराचा चेहरा पाहून सुलभाने त्याला उचललं आणि त्याने जो सूर लावला, तो शेजारच्या दोन दुकानांत ऐकू गेला असावा. "पाहिलंत?" कुंदाबाई पाटल्या उतरवत म्हणाल्या. "निघायलाच तयार नाही. इतका रमला!"

मग बागेत जाऊन झालं. बागेत हिरवळीवर बसू नये, फुलांना हात लावू नये आणि कारंज्याजवळ जाऊ नये अशा पाट्या होत्या. कारंजं बंद होतं, पाटी चालू होती. झोपाळा एकच होता. त्यावर मिसरूड फुटलेले दोघे जण बसून देशाच्या परिस्थितीवर बोलत होते. सुलभाने विचारलं तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "ताई, हा लहान मुलांसाठी आहे. फार जोरात घ्यायचा नाही," आणि तिथेच बसून राहिला.

डिसेंबरात बँकेच्या साहेबांनी मनावर घेतलं. "पोराला मोकळी हवा पाहिजे, वहिनी. रविवारी असोद्याला शेतात भरीत पार्टी. बाळासाठी!"

खानदेशात थंडीत मोकळ्या हवेचा एकच अर्थ होतो आणि तो वांग्याचा असतो. पुरुषांनी काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, म्हणजे एका मजुराने भाजली आणि पुरुष त्याला सूचना देत राहिले. बायकांनी मोकळ्या हवेत चुलीपुढे बसून पुऱ्या तळल्या. नंदूला बाजेवर ठेवलं होतं. धूर वारा असेल तिकडे जातो आणि वारा त्या दिवशी बाजेकडे होता. नंतर त्याच्या हाताला कुठून तरी मिरचीचा ठेचा लागला आणि तोच हात डोळ्याला लागला. "रडू द्या, वहिनी," साहेब तिसऱ्यांदा भरीत वाढून घेत म्हणाले, "फुप्फुसं मोकळी होतात."

परतताना जीपमध्ये भांडी आणि उरलेली वांगी होती, म्हणून जागा नव्हती. रुपचंद साहेबांबरोबर गेला. सुलभा नंदूला घेऊन एस.टी.त बसली.

कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली आणि नंदू गप्प झाला. मग गिअर बदलताना गाडी खालून घोरली आणि नंदू हसला. धुळं सोडल्यापासून सुलभाने हे हसू पाहिलं नव्हतं. भौतिकशास्त्राच्या बाईने खिडकी पाहिली, दोरी पाहिली, तोंडावरचा ठेचा पाहिला आणि ठरवलं, की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही.

सोमवारी तिने जवळच्याच नशिराबादची गाडी धरली, कारण ती समोर उभी होती. नशिराबादला उतरून दुसऱ्या गाडीने परत आली. नंदूने घरी येऊन वरणभात खाल्ला. मंगळवारी पुन्हा. बुधवारी मुद्दाम गेली नाही. बुधवारी नंदूने वाटी फेकली. गुरुवारपासून तिने शंका सोडली.

वना नावाचा कंडक्टर त्या गाडीवर असायचा. त्याला आठवड्याने राहवेना.

"ताई, नशिराबादले कोण शे तुमनं?"

"कोणी नाही."

"मंग काम?"

"काही नाही."

"मंग कशाले जातस?"

"परत यायला."

वनाने थोडा विचार केला. "तश्या ते मी बी रोज हाईच करस," तो म्हणाला आणि नंदूला दोरी ओढू दिली.

कुंदाबाईंना एवढं साधं उत्तर पटणं शक्य नव्हतं. रोज दुपारी बाई मुलाला घेऊन नशिराबादला जाते आणि पोर बाळसं धरतं, म्हणजे तिथे नक्की कोणीतरी उतारा देणारा आहे. जिन्यातल्या दोन बायका पदर तोंडाशी धरून सुलभाला विचारून गेल्या, "काय घेतो हो तो?" सुलभाने खरं ते सांगितलं, की तिकीट घेतो. त्यांना वाटलं, पत्ता लपवते आहे.

संक्रांतीला अक्का आली. नंदूचे दंड चाचपले. दंड भरले होते. तो तिच्या मांडीवर बसून तोंडाने गिअर बदलत होता. सुलभा सारणासाठी तीळ भाजत होती आणि आता हा विषय संपला, असं तिला वाटत होतं.

"बरं व्हयनं," अक्का म्हणाली. "आते पोऱ्या चांगला शे. प्रवास सोसी. उद्या लई जास."

"पण अक्का, तुम्ही म्हणाला होतात, बारीक झाला तर नेणार."

"बारीक पोऱ्या कोणी नेतस का? रस्तामा काही व्हयनं म्हणजे?"

सुलभाने पुन्हा एकदा नवऱ्याकडे पाहिलं. रुपचंद म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे. तुलाही आराम." तिळाचा एक घाणा करपला, तो तिने बाजूला काढला. तिने नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी अक्काने नंदूची झबली पिशवीत भरून ठेवली होती.

स्टँडवर निदान पोर रडेल, ही तिची शेवटची आशा होती. पण धुळ्याची गाडी नशिराबादच्या गाडीहून लांब, नवी आणि अधिक आवाजाची निघाली. नंदूने तिच्याकडे दोन्ही हात पसरले; गाडीकडे, आईकडे नव्हे. आजीच्या कडेवरून तो पायऱ्या चढला, खिडकीशी बसला आणि तोंडाने गाडी सुरू केली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"पाह्य," अक्का खिडकीतून म्हणाली, "रडना का?"

गाडी गेली. आपणच त्याला हे शिकवलं, एवढंच सुलभाच्या मनात राहिलं. घरी येऊन ती काहीही न करता बसून राहिली. रुपचंदला दुपारी छान झोप लागली. घर शांत आहे, असं तो उठून म्हणालाही.

दिवेलागणीला दार वाजलं.

दारात अक्का उभी होती. केस सुटलेले, नऊवारीवर केळ्याचे डाग, खांद्यावर नंदू गाढ झोपलेला. रुपचंदने विचारलं, "अक्का! धुळ्याला पोचलीच नाहीस?"

"पोचनू." अक्का मटकन खाली बसली. "धुयाना स्टँडवर हाऊ उतरना नही. दांडी धरी राहिना. मी सोडावनू, कंडक्टरनी सोडावनं, डायवर उना. बठ्ठं स्टँड गोया व्हयनं. लोकं मालेच इचारतस, बाई, पोऱ्या कोणना शे? कोठून पळई आणा?" तिने श्वास घेतला. "मंग डायवर बोलना, गाडी परत जयगावले जास, बसा गुमान. मी बसनू. गाडी हालनी, नि हाऊ हासना."

सुलभाने तिला पाण्याचा तांब्या दिला. अक्काने अर्धा घशाखाली ओतला आणि नंदूला सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"ले. हाऊ आपला नही, महामंडळना शे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "सकायले धुयानी पहिली गाडी कितीले शे?"

"सहाला," सुलभा म्हणाली. "मी सोडायला येणार नाही, अक्का. तोवर हा जागा होतो."

"येऊच नको," अक्का म्हणाली.